मदत हवी: रुग्ण एका दाढेसाठी आल्या, तपासणीत बरंच निघालं. प्लॅन कुठून सुरू करू?

नमस्कार मंडळी,
बीडीएसनंतर काही काळ पुण्यात नोकरी केली, आता तालुक्याच्या गावी स्वतःचा दवाखाना टाकलाय. एका केसवर जाणत्यांचा सल्ला हवाय. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

बाई पन्नाशीच्या. तक्रार एकच, खालची डावी दाढ रात्रभर ठणकते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१. लग्नापासून मशेरी, दिवसातून तीन-चार वेळा.

तोंडात पाहिलं तर तीच दाढ, म्हणजे ३६ नंबरची, खोलवर किडलेली, ठोकल्यावर दुखते, थंड लावलं तर काहीच जाणवत नाही, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळसर भाग. उजवीकडची तशीच दाढ, ४६, पूर्वीच काढलेली, तिच्यामागची ४७ त्या जागेत कललेली. खालचे पुढचे चारही दात चांगलेच हलतात (ग्रेड २), पॉकेट (दात आणि हिरडीमधली फट) ६-७ मिमी. हिरड्या फुगून दातांवर चढल्यात. खालच्या ओठाच्या आत, मशेरी लावतात तिथे, पांढुरका खरबरीत पट्टा आहे, गॉजने पुसला तरी जात नाही.

मुलीचं लग्न दोन महिन्यांवर. बाईंना पुढचे दात काढून फिक्स हवेत, यजमान म्हणतात, "दाढेचं तेवढं बघा." सगळं सांगितलं तर नवा डॉक्टर बिल वाढवतोय असं वाटणार. काय आधी, काय नंतर?

जुनी_खुर्ची:
डॉक्टर, तपासणी छान केलीत, पण ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तो पांढरा पट्टा तुम्ही शेवटी लिहिलात. तो यादीत वर घ्या. आकार मोजा, फोटो काढून ठेवा, बोटाने दाबून कडकपणा आहे का बघा, मानेच्या गाठी चाचपा. लाल भाग, जखम किंवा कडकपणा असेल तर वाट न बघता बायोप्सीला पाठवा. तसं काही नसेल तर मशेरी पूर्ण बंद करायला सांगून दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. मशेरीमुळे झालेला पट्टा बंद केल्यावर बऱ्याचदा ओसरतो. ओसरला नाही तर बायोप्सी. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत होते, जवळचं गाठा.

दाढ मात्र आजच उघडा. ठणका थांबल्याशिवाय बाई तुमचं काहीच ऐकणार नाहीत. वर भिंती किती उरल्यात ते कीड काढल्यावरच कळेल. कॅप धरेल एवढा दात असेल तर आरसीटी (रूट कॅनाल), नाहीतर काढणं बरं. या भेटी सकाळी ठेवा, नाश्ता आणि गोळी घेऊन यायला सांगा.

हिरडीप्रेमी:
पुढचे चार दात लगेच काढू नका आणि त्यांच्या आधाराने फिक्स दातांचा ब्रिजही नको. साखर ९ च्या वर असताना हिरड्या नीट भरत नाहीत आणि हिरड्यांतला संसर्ग साखरही वाढवतो, दोन्ही बाजूंनी मार. आधी स्केलिंग, रूट प्लेनिंग (दात आणि हिरडीखालची मुळं साफ करणं), ब्रश कसा धरायचा ते आरशात दाखवणं. सहा-आठ आठवड्यांनी पॉकेट पुन्हा मोजा. सूज उतरली की हलणं बऱ्याचदा कमी होतं. तोवर फायबर आणि कंपोझिटने चारही दात एकमेकांना बांधून ठेवा, लग्नातले फोटो निभावतील. हिरड्या फुगण्यात अ‍ॅम्लोडिपिनचाही हात असू शकतो. गोळी आपण बंद करायची नाही, फिजिशियनना चिठ्ठी लिहा, त्यातच साखरेचंही लिहा.
४६ ची जागा इतकी वर्षं रिकामीच आहे, अजून तीन महिन्यांनी आभाळ कोसळत नाही.

कोल्हापुरी_रुग्ण:
मी डॉक्टर नाही, वाचक आहे. माझ्या आईला एकाने पहिल्याच दिवशी छापील एस्टिमेट हातात दिलं, आई पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढली नाही. दुसऱ्या मॅडमनी कागदावर मराठीत तीन ओळी लिहिल्या: आत्ता करायचं, दोन महिन्यांत करायचं, थांबलं तरी चालेल. प्रत्येकापुढे अंदाजे खर्च. तो कागद आईने देवघरात ठेवला होता!

जुनी_खुर्ची:
+१. आणि फक्त दाढ करायची असं म्हणाले तर दाढच करा, पण बाकी काय दिसलं ते सांगितल्याची नोंद केसपेपरवर ठेवा, सही घ्या. पट्ट्याबद्दल मात्र घासाघीस नाही. "कॅन्सर" म्हणून घाबरवू नका, "तपासल्याशिवाय सांगता येत नाही" एवढंच म्हणा, यजमानांसमोर म्हणा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. आज ३६ उघडली, ठणका थांबला. पट्टा मऊ आहे, लाल भाग नाही, गाठी लागल्या नाहीत. फोटो काढलेत, दोन आठवड्यांनी बोलावलंय. बाई विचारतात, मशेरी सोडली तर शौचाला साफ होणार नाही, काय सांगू?

हिरडीप्रेमी:
हे प्रत्येकीचं म्हणणं असतं, खोटंही नाही, निकोटिनने आतडं हलतं. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, आणि पहिले काही दिवस त्रास झालाच तर फिजिशियनकडून इसबगोल. मशेरीच्या डबीत बडीशेप भरून द्या, हाताची सवय मोडायला वेळ लागतो.