मदत हवी आहे : धर्मयुद्धांचा शेवट १२९१ मध्ये मानावा की १३०२ मध्ये?

लेव्हंटमधील (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रदेशातील) क्रुसेडरांच्या, म्हणजे धर्मयुद्धांतील ख्रिस्ती योद्ध्यांच्या, अखेरच्या मोहिमांवर मी एक टिपण लिहीत असून, शेवट नेमका कोठे करावा या प्रश्नाशी अडलो आहे.

१२८९ मध्ये इजिप्तचा मामलुक सुलतान कलाऊन याने क्रुसेडरांचे त्रिपोली (आजच्या लेबनॉनमधील) घेतल्यानंतर आणि १८ मे १२९१ रोजी त्याचा मुलगा अल-अश्रफ खलील याने एकर शहर जिंकल्यानंतर टायर, सिडोन व बैरूत ही ठाणी काही आठवड्यांतच गेली. बहुतेक लेखन येथेच थांबते. (शहराचे नाव ‘एकर’ लिहिले तर जमिनीचे माप वाटते आणि ‘अक्का’ लिहिले तर थोरली बहीण, यावरही कोणी तोडगा सुचवावा.)

परंतु १३०० च्या अखेरीस सायप्रसचे सैन्य, तसेच टेम्पलर आणि हॉस्पिटलर हे लढवय्ये ख्रिस्ती धर्मसंघ मामलुकांविरुद्ध इराणचा मंगोल इलखान (शासक) गझान याच्या फौजेला मिळण्याच्या अपेक्षेने सीरियाच्या किनाऱ्यावरील टॉर्टोसा येथे उतरले. मंगोल फौज आली ती १३०१ च्या फेब्रुवारीत, आणि तोवर क्रुसेडर जवळच्या रुआद बेटावर मागे हटले होते. ते चिमुकले बेट टेम्पलरांनी १३०२ मध्ये मामलुकांनी घेईपर्यंत धरून ठेवले. मला ही मोहीम परिशिष्टवजा वाटत नाही, कारण मुख्य भूमीवर परतण्याचा तो गंभीर प्रयत्न होता.

जाणकारांनी कृपया सांगावे, की मंगोलांच्या विलंबाचे कारण हिवाळा व घोड्यांचा चारा हे मानावे, की गझानची अन्य सीमांवरील गुंतवणूक? मामलुकांच्या बाजूचे अरबी वृत्तान्त इंग्रजी भाषांतरात कोणी वाचले असल्यास त्यांची नावेही कळवावीत.