वाडीतली सात पटाची शाळा बंद करा म्हणणाऱ्यांना

साकवापलीकडचा

परवा इथे एका धाग्यावर वाचलं : "वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा म्हणजे गुरुजींना बसून पगार. सगळ्या बंद करा, पोरांना गाडीने मोठ्या शाळेत न्या. पैसाही वाचेल आणि पोरंही शिकतील." खाली सहमत, सहमतची रांग. दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आमची वाडी संगमेश्वर तालुक्यात. पट सात. पहिलीत एक, दुसरीत दोन, तिसरीत कोणी नाही, चौथीत चार. गाडीने न्या म्हणणाऱ्यांनी एकदा जुलैत आमच्याकडे यावं. वाडीपासून डांबरीपर्यंत पाऊण तासाची पायवाट, मध्ये वहाळ, वहाळावर लाकडी साकव. मागे एका पावसात साकवाच्या फळ्या गेल्या, तेव्हा हायस्कूलची पोरं अकरा दिवस घरी बसली. वाडीतली शाळा मात्र एक दिवस बंद नव्हती, कारण ती वहाळाच्या अलीकडे आहे. गाडी डांबरीवर उभी राहील. तिथपर्यंत सहा वर्षांच्या पोराला रोज कोण नेणार? लावणी टाकून आई?

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा सांगितली आहे. ते अंतर काहीतरी विचार करूनच घातलं असेल ना?

आणि शाळा म्हणजे फक्त पट नव्हे. पोलिओचा डोस तिथे, मतदान तिथे, बचतगटाची बैठक तिथे. गणपतीला चाकरमानी आले की जाखडी नाचाची तालीम शाळेच्या पडवीत. झेंडावंदनाला म्हातारी माणसंसुद्धा काठी टेकत येतात. वाडीत सगळ्यांची म्हणावी अशी देऊळ सोडून तेवढीच एक जागा आहे.

पटपडताळणी

ते "सगळ्या बंद करा" मीच लिहिलं होतं, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने पत्र काढून समूह शाळांचे, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हाचे आकडे सांगतो. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३, मुलं सुमारे १ लाख ८५ हजार, शिक्षक २९ हजारांच्या वर. म्हणजे एका शिक्षकामागे सहा मुलं. दुसरीकडे तालुक्याच्या गावात एकेका बाईंसमोर पन्नास. हा अन्याय नाही का?

पण पैसा बाजूला ठेवा. मी स्वतः मावळात अशाच शाळेत शिकलो. चौथीत मी एकटा. बाकावर शेजारी कोणी नाही, लंगडीला गडी नाहीत, पाढे म्हणायला आवाजाला आवाज नाही. पाचवीला मोठ्या शाळेत गेलो, तर पन्नास पोरांत माझ्या तोंडून शब्द फुटेना. बाई हजेरी घ्यायच्या आणि मला 'हजर' म्हणता यायचं नाही. सहामाहीपर्यंत गैरहजेरी लागत होती. आज पंचेचाळिशीत आहे, तरी बैठकीत बोलायची वेळ आली की पोटात गोळा येतो. माझ्या मुलांनी असं एकटं शिकावं असं मला वाटत नाही, तुम्हालाही वाटू नये.

खडूफळा

द्विशिक्षकी शाळेवर १९ वर्षं आहे. "बसून पगार" वाचून संताप आला. कायद्याप्रमाणे साठ पटापर्यंत दोन शिक्षक. आमच्यातले एक सर बीएलओ म्हणून मतदार यादी घेऊन फिरतात. उरलेला मी चार वर्ग सांभाळतो, शाळा पोषण आहाराची नोंद करतो, ऑनलाइन माहिती भरतो, आणि ती भरायला नेटवर्क मिळावं म्हणून टेकडीवर जातो. कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये असं लिहिलंय. ते कलम कोणत्या कार्यालयाच्या भिंतीवर लागलंय, दाखवा मला.

सहा मुलांना शिकवणं सोपं असतं असं समजू नका. चार इयत्ता, चार वेगळे धडे. पहिलीला अक्षर गिरवायला बसवून चौथीचा भागाकार घ्यायचा, तेवढ्यात दुसरीचं पोर पेन्सिल तुटली म्हणून रडतं.

रानातली बोरं

गुरुजी, शाळेच्या गावात राहता का तेवढं सांगा. आमच्या वस्तीवरचे सर तालुक्याहून येतात. मोटारसायकल पावणेअकराला टेकते, चारला निघते. घरभाडे भत्ता मात्र महिन्याला चुकत नाही. त्यासाठी मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावात राहतो असा ग्रामसभेचा ठराव लागतो, तोही सरपंचाला गाठून झालेला. पट कमी का झाला याचं उत्तर इथे आहे. मुख्यालयी राहणारा मास्तर गेला आणि शाळा गेली. २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत हे बोलून दाखवलं, तर शिक्षकांनी मोर्चे काढले. खरं झोंबलं म्हणून.

खडूफळा

पहिली सहा वर्षं शाळेच्या मागच्या खोलीत राहिलो आहे. रात्री कौलातून विंचू पडायचे. लग्न झालं, बायको नर्स, तिची ड्युटी तालुक्याला. मुलीला दम्याचा त्रास, आणि त्या गावात डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. सांगा, कुठे राहू? गावात भाड्याची एक खोली दाखवा, उद्या सामान घेऊन येतो. ग्रामसेवक राहतो का मुख्यालयी? तलाठी राहतो का? सगळ्यांचं पाप मास्तरच्याच डोक्यावर का?

रानातली बोरं

मग भत्ता सोडा. राहत नाही असं लिहून द्या आणि सोडा.

खडूफळा

सोडतो. तुम्ही मला तीन वाजता शाळेत येऊन चौथीच्या पोरांचं वाचन घेऊन दाखवा. आमची पोरं धडा घडाघडा वाचतात. मी गावात झोपतो की नाही यावरून त्यांचं वाचन मोजणार असाल तर बोलणंच संपलं.

वस्तीशाळेच्या बाई

दोघांनी जरा थांबा. मी वस्तीशाळेवर हजार रुपये मानधनावर लागले, गुरांच्या गोठ्याशेजारच्या छपरात. वस्तीचीच सून, त्यामुळे मुख्यालयी राहते का हा प्रश्नच नव्हता. पोर आलं नाही की घरी जाऊन उचलून आणायचं. नदीवर धुणं धुताना आयांशी बोलणं व्हायचं, कोणाच्या घरात भांडण, कोणाचं पोर उपाशी, सगळं कळायचं. तेवढं मी नंतर कधीच शिकवू शकले नाही.

मग २०१४ ला कायम झालो आम्ही. पुढे समायोजनात चाळीस किलोमीटरवर गेले. सासूबाई अंथरुणाला, त्यामुळे मीही येऊन-जाऊन करते आणि भत्ता घेते. बोरंवाले दादा म्हणतात ते खरं आहे, जवळ राहिल्याने फरक पडतो. मला स्वतःला माहीत आहे तो. पण खडूफळा सरांना जे विचारलं तसं मला तोंडावर विचारलं, तर मी रडेन.

रानातली बोरं

बाई, तुम्हाला बोललो नाही. तुम्ही वस्तीचं सांगितलंत ते आवडलं. भत्त्याचं माझं मत मात्र तेच आहे.

ठाण्याचा चाकरमानी

अवांतर पुरे, मूळ विषयावर येऊ. पट शिक्षकांनी घालवला नाही, आपण घालवला. गावाकडे गेलो की सकाळी पिवळी गाडी टाय बांधलेली पोरं भरून नेताना दिसते. मग पट कसा राहणार? साकववाले दादा, राग मानू नका, पण तुमची मुलं कुठे आहेत?

आणि लोकांनी ठरवलं तर होतं. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा तीन पटावर आली होती, आज शंभराच्या पुढे आहे.

साकवापलीकडचा

राग कसला, विचारणार कोणीतरी हे ठाऊक होतं. थोरला देवरुखला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत जातो. पहिलीपासून. तेव्हा वाडीत एकच शिक्षक होते आणि त्यांच्याही आठवड्याला दोन बैठका. घाबरलो आम्ही. पोराला मागे ठेवतोय असं वाटलं. धाकटी वाडीच्या शाळेत दुसरीला आहे. थोरला इथे असता तर पट आठ असता, हे मी रोज शाळेवरून जाताना मोजतो.

जालिंदरनगरला आसपासच्या गावांतून मुलं येतात. आमच्या आसपासच्या वाड्यांत मुलंच नाहीत. बंद घरं आणि म्हातारे.

कोयत्याच्या गावाहून

बीड जिल्ह्यातून लिहितेय. तुमच्याकडे वहाळ, आमच्याकडे कारखाना. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात. तांड्यावर शाळा आहे म्हणून पोरगी आजीकडे राहते. आजीला दिसत नाही धड, पण शाळा दारात आहे, एवढं तिला पुरतं. ती शाळा चार किलोमीटरवर नेली, तर आजी म्हणेल, मला झेपत नाही, घेऊन जा. आणि पोरगी फडावर जाईल, लहान भाऊ सांभाळायला. माझ्या थोरल्या बहिणीचं असंच झालं. तिला आजही सही येत नाही. हे कोणत्या आकड्यात बसवता, पटपडताळणी साहेब?

पटपडताळणी

ताई, नाही बसत. तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिलं नाही.

मुलींच्या बाबतीत अंतर वेगळं मोजायला हवं, हे मान्य. पण एकट्या पोराचं काय, यावर अजून कोणी बोललेलं नाही. समूह शाळांच्या त्या पत्रात पानशेतच्या शाळेबरोबर तोरणमाळचंही उदाहरण होतं. ती निवासी शाळा आहे, आणि सहा वर्षांच्या पोराला निवासी ठेवा असं मीही म्हणणार नाही. पहिली-दुसरी वाडीत ठेवा, तिसरीपासून पोरांना पोरांमध्ये जाऊ द्या. यापेक्षा मागे मी येणार नाही.

खडूफळा

यावर बोलतो. आम्ही तीन वाड्यांच्या शाळा दर शनिवारी केंद्रशाळेत एकत्र आणतो. पट सहा, नऊ आणि अकरा. कबड्डीचे दोन संघ होतात, बालसभा होते, एकाच इयत्तेची पोरं एका रांगेत बसतात. टेम्पोचं भाडं पालक देतात. यासाठी शाळा बंद करावी लागली नाही. मात्र पावसात जमत नाही, जूनपासून गणपतीपर्यंत खाडाच.

पटपडताळणी

आठवड्यातून एक दिवस. ठीक. काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच म्हणेन.

साकवापलीकडचा

खडूफळा सर, टेम्पोचा हिशेब आणि शनिवारचं वेळापत्रक मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येत्या शनिवारी आमच्या शाळा व्यवस्थापन समितीची सभा आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असा नियम आहे. आमच्याकडे बाया फक्त सहीपुरत्या बोलावतात, या वेळी त्यांनाच बोलायला लावणार. शाळा चालू ठेवावी असा ठराव घ्यायचा आहे.

पटपडताळणी

ठरावात साकवाची मागणी पहिली लिहा, काँक्रीटच्या पुलाची. शाळा दुसऱ्या नंबरावर. पूल झाला तर पुढच्या वर्षी मी पुन्हा तिसरी-चौथीचं विचारणार आहे.

साकवापलीकडचा

विचारा. पूल झाला तर मीच धागा काढतो.