‘बेग्स द क्वेश्चन’ म्हणजे ‘प्रश्न उभा राहतो’ नव्हे!

शब्दवेडा: काल इथे एकाने लिहिलं, इंग्रजीतलं ‘बेग्स द क्वेश्चन’ म्हणजे प्रश्न उभा राहतो, सगळे तसंच वापरतात, जुना अर्थ मेला. डोकंच फिरलं वाचून. अहो, जे सिद्ध करायचंय तेच आधी गृहीत धरायचं, त्या तर्कदोषाला म्हणतात ते! ‘तो खरंच बोलतो, कारण तो स्वतःच म्हणाला की मी खोटं बोलत नाही’, हे त्याचं उदाहरण. प्रश्न उभा करायचा तर ‘रेझेस द क्वेश्चन’ लिहा की.

मोकळाढाकळा: मुळात भाषांतरच गंडलंय. ॲरिस्टॉटलच्या ग्रीकवरून लॅटिन आलं आणि 16व्या शतकात इंग्रजीवाल्यांनी त्याचं ‘बेग’, म्हणजे ‘भीक मागणं’, केलं. त्यावरून ‘गृहीत धरणं’ कोणाला कळणार? ‘नाइस’ म्हणजे एके काळी ‘मूर्ख’, तेही धरून बसायचं का?

शब्दवेडा: तो अर्थ आज कोणी वापरत नाही. हा तर्कशास्त्रात अजून रोज लागतो.

मधली ओळ: मला विचारा. तर्कशास्त्राचा धडा मराठीत करताना मी बिनधास्त ‘यातून प्रश्न निर्माण होतो’ लिहिलं, आणि पुढच्याच ओळीत लेखक म्हणतो ‘हा दोष’, आता कुठला दोष? संपादकबाईंनी लाल पेनाने अख्खा परिच्छेद खोडला.

खडूस: ते सोडा, आधी मेलमध्ये ‘उत्तर द्या’ म्हणायला लिहितात ते ‘रिव्हर्ट बॅक’ बंद करा! रिव्हर्टमध्येच ‘मागे’ आलं, वर बॅक कशाला? आणि उत्तर हवं तर रिप्लाय म्हणा.

मोकळाढाकळा: भारतात सर्रास चालतं ते. शब्दकोशातही आलंय.

खडूस: शब्दकोश वापर नोंदवतो, शाबासकी देत नाही! मी परदेशातल्या सहकाऱ्याला कोडबद्दल दोन शंका विचारल्या आणि खाली ‘प्लीज रिव्हर्ट’ लिहिलं. कोडमध्ये रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल मागे घेणं, त्याने माझा बदलच मागे घेतला. दिवसभराचं काम परत चढवायला रात्रीचे अकरा वाजले, आणि तुम्ही म्हणता चालतं!

मोकळाढाकळा: कोडच्या कामात गोंधळ होणार, मान्य. म्हणून घरच्या मेलमध्येही चूक?

खडूस: हो, चूकच. सवय तिथूनच लागते.

शब्दवेडा: धागा कुठे नेलात राव! माझा मुद्दा तिथेच आहे.

मोकळाढाकळा: बरं, मी ‘रेझेस’ लिहीन. पण दुसऱ्याने ‘बेग्स’ लिहिलं आणि मला कळलं, तर त्याला अडाणी म्हणणार नाही.

शब्दवेडा: अडाणी मीही म्हटलं नाही. आणि खरं सांगायचं तर आता जुन्या अर्थानेही मी ते लिहायचं टाळतो, निम्मे वाचक उलटंच समजतात. सरळ ‘हे तुम्ही गृहीत धरलंय’ लिहितो. वाईट वाटतं, पण लिहितो.