नोकरीत खरोखर उपयोगी पडलेल्या गोष्टी – तुमचे अनुभव लिहा

भाचीला पहिली नोकरी लागलीय आणि रोज तिचा फोन असतो, मावशी हे कुणाला विचारू, ते कसं सांगू. मी आयुष्यभर एकाच प्रकारच्या ऑफिसात काम केलं, म्हणून वाटलं सगळ्यांनाच विचारावं. मोठे उपदेश नकोत, जे स्वतः केलंय आणि ज्याचा फायदा झाला तेवढंच लिहा प्लीज.

सुरुवात मी करते. साहेबांनी जाता जाता तोंडी काम सांगितलं की जागेवर येऊन मी लगेच दोन ओळींचा मेल टाकते, "आत्ता बोलणं झालं त्याप्रमाणे हा रिपोर्ट शुक्रवारी देते, त्यासाठी आधीचा सोमवारवर ढकलतेय, चालणार नसेल तर सांगा." एकदा वरून विचारणा झाली की आधीचा रिपोर्ट का राहिला, तेव्हा तोच मेल पुढे पाठवला, वर एक शब्द लिहिला नाही. विषय तिथेच मिटला आणि साहेबांशी संबंधही बिघडले नाहीत.

हिंजवडीकर
अप्रेझलचं, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाचं सांगतो. मार्चमध्ये फॉर्म भरायला बसलं की मागच्या जूनमध्ये काय केलं ते कुणालाच आठवत नाही, मॅनेजरला तर नाहीच नाही. मी दर शुक्रवारी एका फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि आकड्यात लिहितो, म्हणजे "परफॉर्मन्स सुधारला" असं नाही तर "40 मिनिटं लागायची ते आता 6 मिनिटांत होतं" असं. आणि प्रमोशन हवं असेल तर फॉर्म यायच्या कितीतरी आधी, दिवाळीच्या आसपास मॅनेजरला स्पष्ट विचारायचं की माझ्यात काय कमी पडतंय. आमच्याकडे तरी मार्चपर्यंत नावं ठरलेली असतात.

चाकण, शॉप फ्लोअर
इथे मेलबिल काही नाही, इथे शिफ्ट रजिस्टर. मी डिप्लोमा करून सुपरवायझर म्हणून लागलो तेव्हा माझ्या हाताखालचे ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचे होते. त्यातले एक मामा, सीएनसीच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनच्या) नुसत्या आवाजावरून सांगायचे टूल, म्हणजे कापणारं हत्यार, गेलंय म्हणून. मी पहिल्यापासून एकच ठेवलं, मशीनचा निर्णय घ्यायच्या आधी "मामा, तुम्हाला काय वाटतं" विचारायचं आणि सुधारणा झाली की मीटिंगमध्ये त्यांचं नाव घेऊन सांगायचं. पुढे माझ्या शिफ्टला कुणी आडमुठेपणा केला तर मला बोलायलाच लागायचं नाही, मामाच बोलायचे. दुसरं म्हणजे शिफ्ट बदलताना टूल कुठलं बदललं, ऑफसेट (मशीनच्या मापात केलेली दुरुस्ती) किती दिला, रिवर्कला म्हणजे पुन्हा दुरुस्त करायला किती पीस काढलेत हे रजिस्टरला लिहून पुढच्या सुपरवायझरची सही घेतल्याशिवाय मी गेट सोडत नाही, मग बस चुकली तरी चालेल. रिजेक्शन, म्हणजे खराब माल, निघालं की पहिलं बोट आधीच्या शिफ्टकडे जातं, आणि रजिस्टर चोख असेल तर भांडण माणसांचं होत नाही, सगळे सरळ मशीनकडे बघतात.

अकाउंट्सवाली
भाचीला सांगा, पगाराच्या स्लिपवर पीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापलेला दिसतो म्हणजे तो जमा झालाच असं नाही. ज्या महिन्याचा पगार त्याचा पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो, तेव्हा 20-22 तारखेला ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साइटवर पासबुक उघडून बघायची सवय लावायची. माझ्या एका जुन्या कंपनीत कापलेले पैसे भरलेच जात नव्हते, आम्ही काही जणींनी स्लिपा आणि पासबुकाच्या प्रिंट जोडून ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर टाकलं तेव्हा हालचाल झाली. नोकरी बदलली तरी यूएएन, म्हणजे आपला पीएफचा कायमचा नंबर, तोच द्यायचा, नवीन काढू द्यायचा नाही.

नाव नको
हे लिहायला अवघड जातंय पण मुलींनी वाचायला हवं. सीनियरचे घाणेरडे मेसेज आणि स्पर्श. मला सगळे म्हणत होते नोकरी बदल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे 10 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते, तिची अध्यक्ष बाई असते आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा असतो. ऑफिस त्याहून लहान असेल किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार लेखी आणि 3 महिन्यांच्या आत करायची, योग्य कारण असेल तर समिती आणखी 3 महिने देऊ शकते. मी तारीख, वेळ, कोण हजर होतं सगळं त्या त्या दिवशी लिहून ठेवलं होतं, मेसेज डिलीट केले नव्हते. चौकशी चालू असताना तुम्ही स्वतःची बदली किंवा रजा लेखी मागू शकता, मी रजा मागितली आणि मिळाली. मी आजही तिथेच काम करते.

लातूर ते पुणे
इंग्रजी मीटिंगमध्ये तोंड उघडत नसेल त्यांच्यासाठी. मी आदल्या रात्री एकच प्रश्न लिहून पाठ करायचो आणि मीटिंगच्या पहिल्या पाच मिनिटांत विचारून टाकायचो, कारण उशीर झाला की दुसरं कुणीतरी तोच विचारतं आणि मग आपण गप्पच बसतो. काही महिन्यांनी लोक आपणहून माझं मत विचारायला लागले.