'साचत गेले' याला वेगळे शब्द सुचवावेत

सदाशिव पेठेतील आमचा वाडा पुढील वर्षी पाडला जाणार आहे आणि त्यापूर्वी घरातल्या मुलांसाठी मी त्याच्या स्वयंपाकघराविषयी टिपण लिहीत आहे. दोन पानांतच 'साचत गेले' हे शब्द चार वेळा आले: चुलीच्या धुराचे तुळईवर साचलेले काळे, आडाच्या पाण्याने बंबाच्या तळाशी साचलेले पांढरे, बिऱ्हाडकरूंकडे साचलेले भाडे आणि दोघा काकांच्या मनात वीस वर्षे साचलेला राग. या गोष्टी हळूहळूच वाढल्या, पण एकसारख्या वाढल्या नाहीत, आणि तो फरक शब्दांत उतरत नाही. 'संचय' हिशेबवहीत शोभतो आणि 'संचित' म्हटले की पूर्वजन्म आठवतो, म्हणून ते दोन्ही नकोत.

प्रतिसाद १
जे वाट न मिळाल्यामुळे थांबून राहते त्याला 'साचणे' शोभते, म्हणून रस्त्यावर पाणी साचते आणि थेंबे थेंबे तळे साचते. तुमच्या पहिल्या तीन गोष्टी तशा नाहीत. 'तुळईने काजळी धरली' असे लिहा, म्हणजे तुळई नुसती सोसणारी न राहता वाक्याची कर्ती होईल; बुरशी आणि शेवाळही असेच धरतात. फोडणीच्या वाफेने डब्यांच्या झाकणांवर जो चिकट, तपकिरी थर येतो आणि ज्यात धूळ रुतून बसते, त्याला 'कीट' हा नेमका शब्द आहे आणि तो तुमच्या टिपणात यायलाच हवा. बंबात क्षार बसतात. भाडे थकते आणि बाकी चढते.

प्रतिसाद २
'पूट' हा शब्दही विचारात घ्यावा, कारण त्यात एकावर एक दिलेल्या थरांची मोजणी आहे. मूर्तीवर शेंदराची पुटे वर्षानुवर्षे चढत गेली की त्यांचे कवच होते आणि मूळ नाकडोळे दिसेनासे होतात. सप्तशृंगगडावरील देवीच्या मूर्तीवरचे असे शेंदराचे लेपन २०२२ मध्ये उतरवल्यावर आतले मूळ रूप दिसले. तुमच्या वाड्यातही दर दिवाळीला भिंतींना चुन्याचा हात दिला गेला असेल, तर निघालेला एखादा पोपडा हातात घेऊन त्याची कड पाहावी: पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली पुन्हा पांढरा अशा रेघा दिसतील.
रागासाठी मात्र 'मुरला' लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोणचे मुरते तेव्हा मीठ आणि खार फोडीत शिरून तिला चव येते, गायक मुरलेला असतो तेव्हा आपण त्याची थोरवी सांगत असतो. रागाला तो मान कशाला द्यायचा? 'मनात अढी बसली आणि ती घट्ट होत गेली' हे पुरेसे आहे.

प्रतिसाद ३
मुरण्याला दुसरीही बाजू आहे. भिंतीत पाणी मुरते तेव्हा तेथे चव येत नाही, भिंत आतून पोकळ होते, आणि 'कुठेतरी पाणी मुरते आहे' हे आपण संशयानेच म्हणतो. अढी बसते ती एखाद्या प्रसंगाने. ज्या रागाला ठरावीक दिवस सांगता येत नाही, त्याला मुरण्यावाचून शब्द नाही.

धागाकर्ती
काजळी, कीट आणि थकलेले भाडे घेतले आहे. पोपड्याची कड उद्याच वाड्यात जाऊन पाहीन. रागाबाबत मी तिसऱ्या प्रतिसादाच्या बाजूने आहे, कारण वाटणीनंतर दोन स्वयंपाकघरांच्या मध्ये घातलेल्या भिंतीला खरोखरच मोरीची ओल होती आणि ती कोणाच्या मोरीची, हे कोणीच मान्य केले नाही. वाक्य आता असे झाले आहे: 'भिंतीत पाणी मुरत होते, आणि तिच्या दोन्ही अंगांना राग.'