आय-७५१ अर्ज: घर एकाच्या नावावर, कर विवरणपत्रे वेगळी आणि पतीची नोकरी दुसऱ्या राज्यात असताना विवाहाचे पुरावे कसे मांडावेत?

निशिगंध (प्रश्न)

नमस्कार. माझे पती अमेरिकन नागरिक आहेत. ग्रीन कार्ड मंजूर झाले तेव्हा आमच्या विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसल्यामुळे मला ते दोन वर्षांच्या मुदतीचे, म्हणजे सशर्त मिळाले. ती मुदत येत्या काही महिन्यांत संपत आहे आणि अटी काढून घेण्यासाठीचा आय-७५१ अर्ज आम्हा दोघांना मिळून करायचा आहे. आमचा संसार खरा आहे, परंतु कागदपत्रे चाळून पाहिली तर तो त्यांत फारसा दिसत नाही, अशी माझी अडचण आहे.

अर्जासोबतच्या सूचनांमध्ये जे पुरावे सुचवलेले आहेत, त्यांपैकी सर्वांत ठळक असे दोन आमच्याकडे नाहीत. राहते घर पतींनी विवाहापूर्वी घेतलेले असल्यामुळे खरेदीखत आणि गृहकर्ज ही दोन्ही त्यांच्या एकट्याच्या नावावर आहेत. कर विवरणपत्रे आम्ही विवाहित म्हणूनच, पण स्वतंत्रपणे भरतो, कारण पतींच्या शैक्षणिक कर्जाचा हप्ता उत्पन्नावर ठरतो आणि एकत्र विवरणपत्र भरल्यास माझाही पगार त्यात धरला जाऊन हप्ता बराच वाढतो. त्यात भर म्हणजे गेल्या वर्षीपासून त्यांचे काम व्हर्जिनियात आहे. आठवड्याचे पाच दिवस ते तिथे भाड्याच्या जागेत राहतात आणि शुक्रवारी रात्री न्यू जर्सीतल्या घरी येतात. आमचे एक संयुक्त बँक खाते आहे, पण पगार आपापल्या खात्यांत जमा होतात आणि संयुक्त खात्यात आम्ही दोघे घरखर्चापुरते पैसे टाकतो.

परिचितांपैकी कोणी सांगते की घराच्या कागदावर नाव चढवून घ्या, कोणी म्हणते की फोटोंचा भरगच्च अल्बम जोडा, तर कोणी सुचवते की पती दुसरीकडे राहतात याचा उल्लेखच करू नका. हा शेवटचा सल्ला मला मुळीच पटत नाही. ज्यांनी हा अर्ज केला आहे किंवा ज्यांना त्याची चांगली माहिती आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पूर्वकिनारा

शेवटचा सल्ला तुम्हाला पटला नाही हे उत्तम झाले. बाकीच्या गोष्टींचा विचारही तिथूनच सुरू करायला हवा. अर्ज तपासणारा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतात आणि त्या कागदांत कुठे विसंगती दिसली, तर तिचे कारण तुम्ही सांगितलेले आहे की त्याला स्वतःच तर्क करावा लागतो आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हणून अर्जाच्या वर दोन पानांचे पत्र जोडा आणि त्यात घर, विवरणपत्रे आणि व्हर्जिनियातील नोकरी या तिन्ही बाबी आपणहून, साध्या शब्दांत मांडा. विवाह खरा आहे हे शंकेला तसूभरही जागा न ठेवता सिद्ध करावे लागत नाही. तो खरा असण्याची शक्यता खोटा असण्यापेक्षा अधिक आहे, एवढे पुराव्यांवरून दिसले पाहिजे.

घराच्या कागदावर केवळ या अर्जासाठी नाव चढवू नका. अर्जाच्या तोंडावर झालेला बदल मागील दोन वर्षांविषयी काहीच सांगत नाही, शिवाय गृहकर्ज, कर आणि वारसा या तिन्हींवर त्याचे परिणाम होतात. ज्यांना तसे मनापासून करायचेच आहे त्यांनी ते सावकाश, सल्ला घेऊन करावे. घर कोणाच्या मालकीचे आहे यापेक्षा तुम्ही त्या घरात राहता हे दाखवणे महत्त्वाचे आहे. तुमच्या वाहन परवान्यावरील पत्ता, डब्ल्यू-२ (नोकरी देणारी कंपनी देते ते पगाराचे व कापलेल्या कराचे वार्षिक विवरण) वरील पत्ता, बँकेची आणि दवाखान्याची टपालाने आलेली पत्रे, तुमच्या नावावर असलेले वीज किंवा इंटरनेटचे बिल, घराच्या विम्यात तुमचे नाव असेल तर तो कागद, हे सारे वेगवेगळ्या महिन्यांचे निवडा. अधिकाऱ्याला एकाच आठवड्यात गोळा केलेला गठ्ठा आणि दोन वर्षे सहज साठत गेलेले कागद यांतला फरक लगेच कळतो.

विवरणपत्रांबाबत घाबरण्याचे कारण नाही. विवाहित असून स्वतंत्रपणे विवरणपत्र भरणे पूर्णपणे कायदेशीर आहे. विवाह झालेला असताना कोणी अविवाहित म्हणून विवरणपत्र भरले असेल, तर मात्र तो गंभीर प्रश्न ठरतो आणि अर्जापूर्वी ते दुरुस्त करून घ्यावे लागते. तुम्ही दोघांच्याही टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (भरलेल्या विवरणपत्रांचा अधिकृत गोषवारा) आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकी कर खात्याच्या, संकेतस्थळावरून घ्या; त्या विनामूल्य मिळतात आणि त्यांवर विवाहित हा दर्जा नोंदलेला असतो. सोबत शैक्षणिक कर्ज सांभाळणाऱ्या कंपनीचे असे पत्र जोडा, ज्यात हप्ता उत्पन्नावर ठरतो हे लिहिलेले असेल. स्वतंत्र विवरणपत्रे नंतर एकत्रित करून घेण्याची सोय साधारणतः तीन वर्षांपर्यंत असते, पण ज्या कारणासाठी तुम्ही ती वेगळी भरली ते कारण खरे आहे, तेव्हा हप्त्याचे गणित मोडून तसे करण्याची गरज मला वाटत नाही.

आता संयुक्त खात्याविषयी. पगार वेगळ्या खात्यांत जातात याची लाज वाटण्यासारखे काही नाही. अनेक दांपत्ये असेच करतात. खाते जिवंत आहे की नाही, हे पाहिले जाते. एखाद्या खात्यात सुरुवातीला हजार डॉलर भरलेले असतात आणि पुढे वर्षभर त्यात व्याजाखेरीज नोंदच नसते; असे खाते नसलेलेच बरे. याउलट तुमच्या खात्याच्या एखाद्या महिन्याच्या पानावर एक तारखेला दोन्ही पगारखात्यांतून आलेली रक्कम, तीन तारखेला गृहकर्जाचा हप्ता, मग वीज, किराणा, गाडीचा विमा, कधी औषधे आणि महिनाअखेरीस उरलेले थोडे पैसे असे दिसत असेल, तर ते एक पान दहा फोटोंपेक्षा अधिक सांगते. प्रत्येक तिमाहीतला एक महिना निवडा आणि त्या महिन्याची सर्व पाने जोडा. तुम्ही टाकलेल्या पैशांतून गृहकर्जाचा हप्ता जात असेल, तर पत्रात त्या नोंदींकडे आवर्जून लक्ष वेधा, कारण मालकी एकाची असली तरी भार दोघांनी उचलला आहे हे तिथे स्पष्ट होते.

नोकरीच्या ठिकाणचा आरोग्यविमा, आयुर्विमा आणि ४०१(के) हे निवृत्तीसाठीच्या बचतीचे खाते यांत एकमेकांना लाभार्थी नेमलेले असेल, तर त्याचे तारखेसह छापील कागद मागवून घ्या. या कागदांना वजन असते, कारण मृत्यूनंतर आपला पैसा कोणाला मिळावा याचा निर्णय माणूस सहसा दिखाव्यासाठी घेत नाही.

शमी

पूर्वकिनारा यांनी आर्थिक बाजू चांगली मांडली आहे, म्हणून मी फक्त प्रतिज्ञापत्रे, फोटो आणि चॅट यांविषयी लिहिते.

सूचनांनुसार, तुम्ही प्रतिज्ञापत्रे देणार असाल तर सशर्त निवास मिळाल्यापासून तुम्हा दोघांना ओळखणाऱ्या किमान दोन व्यक्तींची द्यावीत. त्यांत लिहिणाऱ्याचे पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मस्थळ, तुमच्याशी असलेले नाते आणि जे लिहिले आहे ते त्यांना कसे ठाऊक झाले याचा तपशील असावा लागतो. केवळ प्रतिज्ञापत्रांवर भागत नाही. त्यांना इतर कागदांचा आधार लागतो. बहुतेकांची प्रतिज्ञापत्रे या तपशिलाच्या मुद्द्यावरच कमी पडतात. "हे अत्यंत प्रेमळ जोडपे असून त्यांचा विवाह शंभर टक्के खरा आहे" हे वाक्य कोणीही कोणासाठीही लिहू शकतो. त्याऐवजी तुमच्या शेजारीण बाई असे लिहू शकतील की, मागच्या हिवाळ्यात तुमची शस्त्रक्रिया झाली तेव्हा पती आठवडाभर रजा घेऊन घरी होते, रुग्णालयातून तुम्हाला त्यांनीच आणले आणि त्या स्वतः सायंकाळी भेटायला आल्या तेव्हा ते तुमच्या औषधांच्या वेळा कागदावर लिहून फ्रीजवर लावत होते. हे मी उदाहरणादाखल लिहिले आहे. तुमच्या आयुष्यात जे खरोखर घडले आणि त्या व्यक्तीने डोळ्यांनी पाहिले, तेवढेच तिने आपल्या शब्दांत लिहावे. दोन प्रतिज्ञापत्रांची वाक्ये सारखी दिसली तर दोन्हींचा उपयोग संपतो, म्हणून नमुना फिरवू नका.

फोटो थोडे निवडा, पण ते संपूर्ण कालावधीत विखुरलेले असू द्या आणि प्रत्येकाखाली तारीख, ठिकाण व सोबतच्या माणसांशी असलेले नाते लिहा. विवाहसमारंभाचेच चाळीस फोटो देण्यात अर्थ नाही; समारंभ झाला याविषयी कोणालाच शंका नाही, पुढे काय झाले ते पाहायचे आहे. इतर कोणासोबतचे फोटो दोघांच्याच फोटोंपेक्षा अधिक उपयोगी पडतात, कारण त्यांतून तुमच्या माणसांनी तुम्हाला पती-पत्नी म्हणून स्वीकारलेले दिसते.

आपल्या मंडळींना हमखास लागू पडणारी एक गोष्ट सांगते. इंग्रजीखेरीज कोणत्याही भाषेतील कागदासोबत संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि ते पूर्ण व अचूक असून आपल्याला दोन्ही भाषा येतात असे भाषांतरकाराचे सहीनिशी प्रमाणपत्र द्यावे लागते. व्हॉट्सॲपवरील मराठी संभाषणालाही हा नियम लागू होतो आणि मराठी रोमन लिपीत लिहिलेले असले तरी ते इंग्रजी होत नाही. शेकडो पाने छापून पाठवण्यापेक्षा निरनिराळ्या महिन्यांतील मोजकी पाने निवडून त्यांचे भाषांतर करून घ्या. "गॅसवाला आला होता का", "तुझी वेळ सकाळी नऊची घेतली आहे" अशी रोजच्या कामाची वाक्ये असलेली पाने निवडा; संसार त्यांतच दिसतो.

निशिगंध

दोघांचेही मनःपूर्वक आभार. संयुक्त खात्याच्या पानांकडे मी या नजरेने कधी पाहिलेच नव्हते. आता दोन शंका उरल्या आहेत. व्हर्जिनियातील वास्तव्यामुळे आम्ही विभक्त झालो आहोत असा अर्थ काढला जाऊ शकतो का? आणि कागदपत्रे लवकर तयार झाली तर अर्ज लवकर पाठवून मोकळे होता येईल का?

दूरवाट

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. दोघांनी मिळून करायचा अर्ज कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांतच करता येतो. त्याआधी पाठवलेला अर्ज परत येतो आणि मुदत उलटू दिल्यास निवासाचा दर्जाच संपुष्टात येतो. पोच मिळाली की त्या पत्रानुसार जुन्या कार्डाची वैधता ४८ महिन्यांनी वाढते. मुदत संपलेले कार्ड आणि ते पत्र दोन्ही जवळ बाळगावे लागतात.

पहिली शंका अधिक महत्त्वाची आहे. सशर्त निवासाची ही पद्धत १९८६ च्या कायद्याने आली आणि तिचा रोख निवासाच्या परवानगीसाठी केलेल्या खोट्या विवाहांवर आहे. विवाह करताना दोघांचा एकत्र आयुष्य उभारण्याचा हेतू होता का, हा यातला मूळ प्रश्न आहे. नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडील राज्यांसाठीच्या संघीय) अपील न्यायालयाने १९७५ मध्ये बार्क खटल्यात स्पष्ट केले की, विवाहानंतर वेगळे राहणे हे त्या वेळच्या हेतूविषयी काही सांगत असेल तेवढ्यापुरतेच महत्त्वाचे असते आणि केवळ त्या एका गोष्टीवरून विवाह खोटा ठरवता येत नाही. नोकरीसारख्या कारणांनी दांपत्यांना लांब राहावे लागते, याचीही त्या निकालात दखल आहे. तुम्ही तर दर आठवड्याला एकत्र असता, त्यामुळे तुम्हाला विभक्त म्हणणे वस्तुस्थितीलाही धरून होणार नाही. मात्र ही वस्तुस्थिती कागदावर आणण्याचे काम तुमचे आहे.

त्यासाठी पतींच्या कंपनीकडून कामाचे ठिकाण, सुरुवातीची तारीख आणि शक्य असल्यास अपेक्षित कालावधी नमूद केलेले पत्र घ्या. व्हर्जिनियातील जागेचा भाडेकरार जोडा, लपवू नका. ते गाडीने येत असतील तर ई-झेडपासचे (रस्त्यावरचा पथकर आपोआप वळता करणाऱ्या उपकरणाचे) मासिक विवरण हा माझ्या मते तुमच्या हातातला फार चांगला पुरावा आहे. शुक्रवारी सायंकाळी मेरीलँड, मग डेलावेअर, मग रात्री उशिरा न्यू जर्सी टर्नपाईक, आणि रविवारी किंवा सोमवारी पहाटे हाच क्रम उलटा, असे आठवड्यामागून आठवडे त्यात नोंदलेले असते. ते नोंदणाऱ्या यंत्राला तुमच्या अर्जाशी काही देणेघेणे नाही, म्हणूनच त्यावर विश्वास बसतो. ते रेल्वेने येत असतील तर ॲमट्रॅकच्या तिकिटांचे ईमेल तेच काम करतील. तुम्हीही तिकडे जात असाल तर त्या नोंदी वेगळ्या दाखवा.

अर्जात दोघांचेही प्रत्यक्ष राहण्याचे पत्ते लिहावे लागतात आणि त्याखाली खोटे लिहिल्यास शिक्षेस पात्र ठरू या समजुतीने दोघेही सही करता. पतींचा कायमचा पत्ता न्यू जर्सीचाच असेल, तर तो लिहून आठवड्यातील वास्तव्याचा खुलासा जोडपत्रात करा. मुलाखतीला बोलावले तर याविषयी प्रश्न येणारच असे धरून चाला. तेव्हा दोघांनी उत्तरे पाठ करण्याची गरज नसते. जे आहे ते दोघांनाही सारखेच ठाऊक असते.

निशिगंध

फार मोठा भार हलका झाला. अर्ज प्रलंबित असतानाच मीही व्हर्जिनियाला राहायला जाण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास काय करावे लागेल?

दूरवाट

राहायला गेल्यापासून दहा दिवसांच्या आत तुम्ही एआर-११ या पत्ताबदलाच्या अर्जाद्वारे नवा पत्ता कळवायचा आणि प्रलंबित अर्जाच्या खात्यातही तो बदलला गेला आहे याची खात्री करून घ्यायची, कारण मुलाखतीची किंवा अधिक पुरावे मागणारी पत्रे टपालानेच येतात. पतींनी तुमच्यासाठी आय-८६४ वर आर्थिक हमी दिलेली असणार. त्यांचा पत्ता बदलल्यास त्यांनाही आय-८६५ अर्जाद्वारे तीस दिवसांत कळवावे लागते आणि हे पुष्कळांकडून राहून जाते. नव्या जागेचा भाडेकरार करताना पहिल्या दिवसापासून दोघांचीही नावे घाला.