डंप फाइल ठेवायला जागा नाही, पाइपने नेलं तर मराठी बिघडलं

ग्रंथघर_वाई
आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची मायएसक्यूएल (डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर) 5.5 वर आहे, नव्या सर्व्हरवर 8.0 टाकलंय. डेटाबेस 14 जीबीचा, त्यात बहुतेक दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांचे स्कॅन, थेट ब्लॉबमध्ये (चित्रासारखा कच्चा डेटा ठेवायचा रकाना). जुन्या डिस्कवर मोकळी जागा जेमतेम 3 जीबी. म्हणून फाइल न करता डंप (डेटाबेसची मजकूर-रूपातली पूर्ण नक्कल) एसएसएचवरून, म्हणजे दोन सर्व्हरमधल्या सुरक्षित जोडणीवरून, पाइपने सरळ नव्या सर्व्हरवर ओतला. एकही एरर नाही. पण शीर्षकं उघडली तर एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन परकी चिन्हं! जुन्या साइटवर हीच नावं स्वच्छ दिसतात. आम्ही तिघांनी रोज संध्याकाळी बसून, एकेक कार्ड हातात घेऊन या नोंदी केल्यात. डेटा डिरेक्टरीच (मायएसक्यूएलच्या मूळ फाइलींचा फोल्डर) उचलून नेली तर चालेल का?

जुना_डीबीए
नको. 5.5 च्या फाइली 8.0 थेट उघडत नाही, मधल्या 5.6 आणि 5.7 च्या पायऱ्या चढाव्या लागतात. जुना सर्व्हर शाबूत आहे, म्हणजे काहीही गेलेलं नाही. तिथे ‘पुणे’ असलेल्या रकान्यावर कॅरेक्टर-लेंग्थ (अक्षरचिन्हं मोजणारं फंक्शन) चालवा. प, उकार, ण, मात्रा असे 4 यायला हवेत.

ग्रंथघर_वाई
12 आले.

जुना_डीबीए
मग टेबल लॅटिन1 चं आहे (युरोपीय लिप्यांचा संच, एक बाइट म्हणजे एक अक्षर) आणि आत यूटीएफ-8 चे (सगळ्या लिप्या लिहिणारी पद्धत) बाइट बसलेत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून 4 चे 12. डंप घेताना त्या एकेका बाइटला स्वतंत्र अक्षर समजून पुन्हा यूटीएफ-8 केलं गेलं.
फाइल फक्त टेबलांच्या रचनेची घ्या, डंपच्या आज्ञेला नो-डेटा लावून. काही केबींची होईल. तीत लॅटिन1 आणि त्याचं कोलेशन (अक्षरांची तुलना-क्रमवारीचा नियम) हाताने बदलून यूटीएफ8एमबी4 (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-8) करा. डेटा पाइपनेच न्या: नो-क्रिएट-इन्फो (रचना वगळायला), डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट लॅटिन1 (बाइट जसेच्या तसे यायला), स्किप-सेट-चारसेट (डंपमध्ये लॅटिन1 ची सूचना न लिहायला). स्कॅन आहेत म्हणून हेक्स-ब्लॉब (ब्लॉब हेक्स आकड्यांत लिहिणारा पर्याय) विसरू नका. घेणाऱ्या बाजूच्या क्लायंटला (डंप आयात करणाऱ्या प्रोग्रामला) मात्र यूटीएफ8एमबी4 सांगायचं.

रात्रपाळी
टेबलं मायआयसॅम (जुना टेबल-प्रकार) असतील तर सिंगल-ट्रान्झॅक्शनचा (काम चालू असतानाही एकाच क्षणाचा डंप घेणारा पर्याय) उपयोग नाही. तेवढा वेळ नोंदी बंद ठेवा.

ग्रंथघर_वाई
काल वाचनालय बंद झाल्यावर बसलो. आयात मध्येच थांबली, शीर्षकाच्या रकान्यात ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ (मजकुराचे बाइट चुकीचे) अशी एरर. कारण सापडलं तेव्हा पोटात गोळा आला. रकाना व्हारकॅर 100 चा (जास्तीत जास्त 100 अक्षरांचा मजकूर) होता. लॅटिन1 मध्ये 100 म्हणजे 100 बाइट, म्हणजे काना-मात्रा धरून 33 चिन्हं आणि वर एक अर्धवट बाइट. लांब शीर्षकं इतकी वर्षं गुपचूप तुटत होती आणि आम्हाला पत्ता नव्हता.
लांबी बरोबर 100 भरणारी शीर्षकं शोधली, 61 निघाली. जुन्या सर्व्हरवर रकाना 300 चा केला, कपाटातून ती कार्डं काढली आणि जुन्या साइटवरूनच पूर्ण नावं टाइप केली. मग पुन्हा पाइप लावला. पहाटे सव्वातीनला आयात पूर्ण झाली. दोन्हीकडच्या नोंदी मोजल्या, जुळल्या. ‘पुणे’ला 4 आले.